भावकी एक, आयुष्य वेगळं

मोखाडा तालुक्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत बैठकीला जमलेली यंत्रं नुसती नजरेखालून घातली, तरी संगणकाचा पन्नास वर्षांचा इतिहास समोर उभा राहतो. टेबलावर विंडोजचा डेस्कटॉप. अंगणवाडी सेविकेच्या पिशवीत अँड्रॉइड फोन. कुणा आजोबांच्या खिशात बटणांचा जिओफोन, त्याच्या पोटात कायओएस. तालुक्याहून आलेल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या हातात आयफोन. आणि या सगळ्यांतून निघालेली माहिती दूरच्या ज्या सर्व्हरवर जाऊन साठते, तसले सर्व्हर जगात बहुतेक ठिकाणी लिनक्सवर चालतात. दिसायला या पाच तऱ्हा. त्यांतल्या चार एकाच भावकीतल्या आहेत, आणि पाचवी विंडोजही त्या घराला अगदीच परकी नाही.

हे नातं जव्हार-मोखाड्यात नीट समजून घेण्याची गरज आहे, कारण इथे बाळाचं वजन, रोजगार हमीची हजेरी, रेशनचा अंगठा, निराधारांचे पैसे हे सगळं आज कुठल्या ना कुठल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातून पुढे सरकतं. शहरातला माणूस ऑपरेटिंग सिस्टिम्सची तुलना करतो तेव्हा वेगवान कोणती, देखणी कोणती, कॅमेरा कशावर चांगला चालतो, हे विचारतो. पाड्यावरून पाहणाऱ्याला एकच गोष्ट आधी विचारावी लागते: या यंत्राचं आयुष्य किती, आणि ते कोण ठरवतं? माझ्या मते तुलनेचा खरा निकष हाच आहे. दुर्दैवाने सरकारी खरेदीत आणि शिक्षणात तो विचारलाच जात नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि त्यावरचे प्रोग्रॅम यांच्या मधला कारभारी. प्रोसेसरचा वेळ कुणाला किती द्यायचा, मेमरीतली जागा कुणाची, कुठली फाइल कुणी उघडायची, कॅमेरा आणि बोटाचं यंत्र कुणी वापरायचं, हे सगळं तिच्या गाभ्यातून ठरतं. या गाभ्याला कर्नल म्हणतात. भावकी जुळते ती या गाभ्याच्या पातळीवर. पडद्यावरच्या चित्रांवरून नातं ओळखू गेलं तर हमखास फसगत होते.

मूळ पुरुष युनिक्स. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ते लिहायला घेतलं. १९७३ मध्ये ते सी भाषेत नव्याने लिहिलं गेलं, त्यामुळे एका प्रकारच्या यंत्रावरून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रावर नेता येऊ लागलं. पुढची वाटणी मात्र तंत्राने झाली नाही, कायद्याने झाली. बेल लॅब्स ज्या एटी अँड टी कंपनीची होती, तिला १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीने टेलिफोनबाहेरचा धंदा करायला मनाई होती. विकता येत नाही म्हणून युनिक्स विद्यापीठांना थोडक्या पैशांत, मूळ संहितेसकट दिलं गेलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात ते वाढलं आणि तिथून बीएसडी ही शाखा निघाली. १९८४ मध्ये कंपनीची फाळणी झाली, मनाई उठली, आणि जे मोकळं होतं त्याला कुंपण पडू लागलं. याच सुमाराला, १९८३ मध्ये, रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला: युनिक्ससारखीच, पण कुणालाही वाचता, बदलता, वाटता येईल अशी प्रणाली. तिला जो गाभा हवा होता तो १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने लिहिला. लिनक्स युनिक्सच्या रक्ताचं नाही; मूळ संहितेतलं काही न उचलता ते नव्याने लिहिलं गेलं. रीतभात मात्र सगळी त्याच घरातली. भावकीत दत्तक आलेल्याचा हक्क कमी नसतो, तसंच इथेही झालं.

पुढचं झपाट्याने घडलं. ॲपलने १९९६ च्या अखेरीस नेक्स्ट ही कंपनी घेतली. नेक्स्टच्या प्रणालीत बीएसडीचा मोठा अंश होता. तिच्यातून २००१ मध्ये मॅक ओएस टेन आणि २००७ मध्ये आयफोनची प्रणाली आली. २००८ मध्ये बाजारात आलेल्या अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा. मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसने तोच पाया घेतला, ती बंद पडल्यावर तिच्यातून कायओएस निघाली, आणि २०१७ मध्ये पंधराशे रुपयांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर जिओफोनमधून गावोगाव पोचली. म्हणजे आजोबांचा बटणांचा फोन आणि पुण्याच्या सी-डॅकमधले आजचे परम महासंगणक यांचा गाभा एकच आहे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. मला या गोष्टीचं आजही अप्रूप वाटतं.

विंडोजचं घराणं निराळं. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एमची ढब घेऊन टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये एक प्रणाली लिहिली, ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली आणि १९८१ मध्ये आयबीएम पीसीबरोबर पुढे आणली; तीच एमएस-डॉस. आजची विंडोज त्या वंशातलीही नाही. ती १९९३ च्या विंडोज एनटीची संतती, आणि एनटीचे शिल्पकार डेव्ह कटलर त्याआधी डिजिटल या कंपनीत व्हीएमएस बनवत होते. तरी फोल्डरच्या आत फोल्डर ही मांडणी डॉसने युनिक्सकडूनच घेतली होती, आणि २०१६ पासून तर खुद्द विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टनेच केली.

आता मुद्द्याची गोष्ट. ग्रामपंचायतीतल्या त्या डेस्कटॉपवर, तो दहा-बारा वर्षांपूर्वीचा असला तरी, या वर्षीचं लिनक्स टाकता येतं आणि ते बऱ्यापैकी चालतंही. सेविकेच्या पिशवीतल्या पाच-सहा वर्षांपूर्वीच्या स्वस्त फोनवर मात्र या वर्षीचं अँड्रॉइड बहुधा टाकता येत नाही. दोन्हीकडे गाभा लिनक्सचाच. मग एक म्हातारपणीही कामाला येतं आणि दुसरं भर वयात निवृत्त होतं, हे कसं?

याचं उत्तर यंत्राच्या घडणीत आणि त्यामागच्या व्यवहारात आहे. आयबीएम पीसीची रचना इतरांनी उचलली, आणि तिच्याभोवती एक ठरीव पद्धत तयार झाली. संगणक चालू होताच त्यातली मूळ आज्ञावली कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमला सांगते की माझ्याकडे ही डिस्क आहे, एवढी मेमरी आहे, हा पडदा आहे. त्यामुळे एकाच संगणकावर आज विंडोज, उद्या लिनक्स टाकता येतं. शिवाय डेस्कटॉपच्या सुट्या भागांचे ड्रायव्हर बहुतांशी लिनक्सच्या मुख्य संहितेतच असतात. गाभा बदलला की जगभरचे लोक ते ड्रायव्हरही त्याच्याबरोबर बदलून ठेवतात. कंपनी बुडाली तरी तिच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर जिवंत राहतो.

फोनचं तसं नाही. त्यात प्रोसेसर, मोडेम, कॅमेऱ्याचं गणित, सगळं एकाच चिपवर. प्रत्येक चिपची मांडणी वेगळी, आणि ती आपली ओळख आपण होऊन सांगत नाही. चिप बनवणारी कंपनी लिनक्सच्या एका ठरावीक आवृत्तीला धरून आपले ड्रायव्हर लिहिते, त्यांतला बराचसा भाग बंद ठेवते, आणि पुढच्या चिपच्या कामाला लागते. तिने हात काढून घेतला की फोन बनवणारी कंपनी फारसं काही करू शकत नाही आणि गुगलही तिथपर्यंत पोचत नाही. वर बहुतेक फोनांचा बूटलोडर कुलूपबंद असतो, म्हणजे मालकाने दुसरी प्रणाली टाकायची म्हटलं तरी दार बंद. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये गुगलने प्रणाली आणि ड्रायव्हर यांच्यात एक स्पष्ट रेघ आखून हे दुखणं कमी करण्याचा प्रयत्न केला. फायदा झाला, पण तो मुख्यतः वरच्या किमतीच्या फोनांना. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या सुरुवातीला गॅलेक्सी एस २४ ला सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं. स्वस्तातल्या फोनांना असं वचन सहसा मिळत नाही. ज्याच्याकडे पैसे जास्त त्याचा फोन जास्त जगतो, आणि ज्याला पुन्हापुन्हा नवा घेणं परवडत नाही त्याचा आधी मरतो.

कायओएसची गत आणखी वाईट. जिओफोन घेतला तेव्हा त्यावर व्हॉट्सॲप येणार हे मोठं आकर्षण होतं; २०१८ मध्ये ते आलंही. २०२४ च्या जूनमध्ये कायओएसवर ते नव्याने उतरवून घेणं बंद झालं. फोन शाबूत, बॅटरी शाबूत, गाभा तोच महासंगणकातला, आणि तरीही ज्यासाठी घेतला ते काम थांबलं.

या सगळ्याची किंमत जव्हार-मोखाड्याने कुठे मोजली, ते पोषणाच्या कामात दिसतं. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी या भागाचं नाव देशभर गेलं, आणि तेव्हापासून मुलांची वजनं-उंच्या घेणं हे इथलं सगळ्यांत महत्त्वाचं सरकारी मोजमाप झालं. ते मोजमाप आज फोनवर नोंदलं जातं. केंद्राचं पोषण ट्रॅकर ॲप २०२१ च्या मार्चमध्ये आलं. राज्यातल्या सेविकांच्या हातात त्याआधीच्या योजनेतले सरकारी फोन होते, दोन जीबी रॅमचे. ते तापत, अडकत, ‘स्टोरेज फुल’ म्हणत. ॲप सुरुवातीला इंग्रजीत होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. त्या आंदोलनाकडे मानधनाच्या मागणीचाच एक भाग म्हणून पाहिलं गेलं. माझ्या दृष्टीने ती महाराष्ट्रातल्या सामान्य बायकांनी केलेली ऑपरेटिंग सिस्टिमची सर्वांत स्पष्ट समीक्षा होती. नवं ॲप जुन्या यंत्रावर लादलं तर भार यंत्रावर पडत नाही, ते वापरणारीवर पडतो, हे त्यांनी शब्दांत सांगितलं आणि फोन टेबलावर ठेवून दाखवलं.

१ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी नेण्याच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा ओळखण्याची अट सक्तीची झाली. चेहरा ओळखायला चांगला कॅमेरा लागतो, मेमरी लागते, आधारशी पडताळणीसाठी नेट लागतं आणि ओटीपीसाठी हाताशी मोबाइल नंबर लागतो. मोखाड्यातल्या कित्येक पाड्यांवर रेंज धरायला टेकाडावर चढावं लागतं. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. कधी नवरा एकटा जातो आणि घरातला एकुलता फोन त्याच्याबरोबर जातो. ओटीपी भट्टीवर येतो, आहार अंगणवाडीत थांबतो. रोजगार हमीचंही तेच. १ जानेवारी २०२३ पासून कामावरच्या हजेरीसाठी दिवसातून दोन फोटो ॲपवर टाकणं सक्तीचं झालं. फोटो वर चढला नाही तर घाम गाळलेल्या दिवसाचा पुरावा उरत नाही. यातलं प्रत्येक ॲप लिहिणाऱ्याच्या टेबलावर बहुधा नवा फोन आणि कार्यालयाचं वायफाय असणार.

इथे कुणी म्हणेल की अँड्रॉइडनेच तर पाड्यापर्यंत संगणक नेला, त्याच्यावर राग कशाला? हे खरं आहे, आणि मी ते मनापासून मान्य करतो. लिनक्सचा गाभा कुणालाही घेता आला म्हणूनच पाच-सात हजारांत फोन मिळू लागला. आयफोनच्या वाटेने तो इथे कधीच पोचला नसता. म्हणून माझा रोख अँड्रॉइडवर नाही. मोकळ्या गाभ्यावर बंद कवच चढवून त्याच्या आयुष्याची दोरी चिपवाल्याच्या हातात देण्यावर आहे, आणि ती दोरी कुणाच्या हातात आहे याचा विचार न करता योजना आखणाऱ्यांवर आहे.

टेबलावरच्या विंडोजकडे वळू. ‘संग्राम’ प्रकल्पातून २०११ पासून राज्यातल्या ग्रामपंचायतींत संगणक आले. त्या पिढीची यंत्रं नि त्यानंतरची काही अजून ठिकठिकाणी आहेत. तालुक्याच्या गावात ‘विंडो टाकून आणली’ हा वाक्प्रयोग सर्रास ऐकू येतो. टाकलेली विंडोज परवान्याची आहे का, हे कुणी विचारत नाही. बिनपरवान्याच्या प्रतीवर अपडेट बहुधा बंद ठेवलेले असतात. त्याचा धोका २०१७ ने दाखवला. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्ये दुरुस्ती देऊनही जिथे ती टाकलेली नव्हती तिथे मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस शिरला. जूनमध्ये त्याच्यासारख्याच दुसऱ्या हल्ल्याने न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबवलं. आणि १९ जुलै २०२४ ला, कुणी हल्ला न करताही, सुरक्षेच्या एका प्रोग्रॅमच्या चुकीच्या अपडेटने जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले. विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. जुन्या डेस्कटॉपांपैकी पुष्कळ या अटीत बसत नाहीत. ते भंगारात जायची गरज नाही. सी-डॅकने केलेलं बॉस लिनक्स २००७ पासून उपलब्ध आहे. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याचं धोरण २०१५ चं आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये आपल्या संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेली माया प्रणाली घेण्याचं ठरवलं. दिल्लीतल्या मंत्रालयाला जे जमतं ते जव्हारला का जमू नये?

न जमण्याची कारणं खरी आहेत, ती झटकून टाकण्यात अर्थ नाही. अंगठा घेणारी यंत्रं मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच बनतात. डिजिटल सहीच्या डोंगलांना लिनक्सचे ड्रायव्हर कधी असतात, पण ते बसवून देणारा माणूस तालुक्यात नसतो. आणि जुन्या फायली आहेतच. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांत टाइप केलेले ठराव, पत्रं, याद्या त्या फॉन्टाशिवाय उघडल्या की पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. इथे विंडोजचं श्रेय तिला द्यायला हवं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे प्रोग्रॅम चालवून दाखवण्याची जी निष्ठा विंडोजने पाळली, तशी ॲपलने पाळलेली नाही आणि लिनक्सच्या डेस्कटॉपनेही नाही. मराठी डीटीपीचा सगळा धंदा त्या निष्ठेवर तगला.

आणि मराठी अक्षराच्या बाबतीत तर आपल्या माणसाचं ऋण दोन्ही घरांवर आहे. विंडोजवरचा ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला. मुंबईतल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत त्यांनीच केलेला ‘रघू’ फॉन्ट मुक्त परवान्याने लिनक्सवाल्यांना मिळाला. आज सेविकेच्या फोनवर, पंचायतीच्या डेस्कटॉपवर आणि सर्व्हरवर ‘मोखाडा’ हा शब्द एकाच संकेतात साठतो, एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना मोडत नाही. समान मानक सगळ्यांनी मान्य केलं तर भावकीतले तंटे वापरणाऱ्यापर्यंत येत नाहीत, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्यासमोर नाही.

शिक्षणात आपण याच्या नेमकं उलट केलं. एमकेसीएल या संस्थेची स्थापना २००१ ची, आणि तिचं एमएस-सीआयटी हे संगणक-प्रमाणपत्र राज्यात नोकरीची पायरी बनलं. त्याने खेड्यातल्या लाखो मुलामुलींची संगणकाची भीती घालवली, हे मोठं काम झालं. पण त्यातून संगणक म्हणजे विंडोज आणि लिहिणं म्हणजे वर्ड, ही समजूतही पक्की झाली. मेनू पाठ झाला. फाइल म्हणजे काय, परवानगी म्हणजे काय, ड्रायव्हर म्हणजे काय, हे राहिलं. केरळच्या सरकारी शाळांनी दोन दशकांपूर्वीच मुक्त सॉफ्टवेअरकडे वळून शिक्षकांनाच प्रशिक्षण दिलं, मल्याळममध्ये प्रणाली तयार करून घेतली. महाराष्ट्राला माणसांची वाण नव्हती. अच्युत गोडबोले यांचं ऑपरेटिंग सिस्टिम्सवरचं इंग्रजी पाठ्यपुस्तक देशभरच्या महाविद्यालयांत वापरलं गेलं, मराठीत त्यांनी ‘संगणकयुग’ लिहिलं, आणि तरुणपणी हेच गोडबोले शहाद्याच्या आदिवासी चळवळीत होते. इतकं सगळं एका माणसात एकत्र आलं होतं. आश्रमशाळेच्या संगणक कक्षापर्यंत ते गेलं नाही.

जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांत, दोन्ही तालुक्यांच्या महाविद्यालयांत आणि आयटीआयमध्ये, विंडोज ११ ला अपात्र ठरलेले संगणक उघडून त्यांवर लिनक्स बसवणं हाच अभ्यासक्रम का नसावा? डोंगल चालवून देणारा, जुन्या फॉन्टातला ठराव युनिकोडमध्ये आणून देणारा, सेविकेच्या फोनमध्ये जागा नेमकी कशाने भरली ते सांगणारा माणूस तालुक्यातच तयार होईल. वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी घरांतल्या मुलांना हे जमणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी या मुलांना बिघडलेला मोबाइल खोलताना पाहिलेलं नाही.

धोरणात जे हवं ते अवघड नाही. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केला की फोनचं मॉडेल बाजारातून उठल्यानंतर पाच वर्षं त्याला अपडेट मिळालेच पाहिजेत. महाराष्ट्र सरकार सेविकांसाठी फोन घेतं तेव्हा तेवढीच अट निविदेत घालू शकतं. एवढ्या मोठ्या खरेदीदाराला नाही म्हणणारी कंपनी विरळा. लाडकी बहीण योजनेत २०२४ मध्ये अर्ज आधी ॲपवर घेतले, मग संकेतस्थळ काढलं. हा क्रम उलटा हवा. साधं संकेतस्थळ विंडोजवर, लिनक्सवर, जुन्या अँड्रॉइडवर, आयफोनवर, कुठेही उघडतं. ॲप नंतर, तेही गरज असेल तर. फोटो आणि वजन फोनमध्येच साठून रेंज मिळाल्यावर आपोआप वर गेलं पाहिजे, आणि नोंदीची वेळ ती घेतली तेव्हाची धरली पाहिजे. ॲप सक्तीचं करणाऱ्या प्रत्येक आदेशात ते अँड्रॉइडच्या कुठल्या आवृत्तीवर आणि किती रॅमवर चालतं हे छापलेलं असावं. सरकारने दिलेला फोन त्या अटीत बसत नसेल तर नवा फोन हाती येईपर्यंत वहीतली सही ग्राह्य धरावी, आणि त्या काळातली मजुरी, मानधन किंवा आहार यंत्राच्या नावावर अडवता येणार नाही असं त्याच आदेशात लिहावं.